सेटअप अर्ध्यात फसला तर समोर दिसणाऱ्या पानावर काय लिहावं?

आडत_हिशेब (वाशी)

नमस्कार मंडळी. एपीएमसीतल्या आडत्यांसाठी हिशेबपट्टीचं सॉफ्टवेअर आहे. तोलाई, हमाली, वाराई वजा करून शेतकऱ्याची पट्टी काढतं. विंडोजवर चालतं, मागे डेटा ठेवायला एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस. सेटअप विक्स (सेटअप बनवायचं साधन) मधला बंडल आहे, म्हणजे एकामागून एक अनेक सेटअप चालवणारी एकच फाइल: आधी व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रनटाइम (प्रोग्राम चालायला लागणाऱ्या तयार फाइली), मग एसक्यूएल, शेवटी आमचं एमएसआय (विंडोज इन्स्टॉलरची सेटअप फाइल).

सेटअप फसला की एकच चौकट येते: ‘इन्स्टॉलेशन अयशस्वी. त्रुटी १६०३. कृपया आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा.’ गाळ्यावर प्रशासक कुठला? तिथे असतात दिवाणजी, आणि महिन्यातून एकदा येणारा हार्डवेअरवाला. भाजीपाला बाजार पहाटे भरतो, आमचा फोन दहाला सुरू होतो. म्हणजे मधल्या वेळात ते पान एकटंच दिवाणजींसमोर असतं.

म्हणून तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पानावर कोणती माहिती, कोणत्या क्रमाने द्यावी? मराठीत किती आणि इंग्रजीत किती? आणि लॉग (सेटअपने काय काय केलं त्याची नोंद-फाइल) आमच्यापर्यंत कसा पोहोचवावा? सगळीकडे इंटरनेट असेलच असं धरता येत नाही.

---

वागळे_रोड१६

मजकुराआधी एक गोष्ट. १६०३ हे कारण नाही. विंडोज इन्स्टॉलर कुठल्याही गंभीर अपयशाला शेवटी हाच आकडा लावतो: फाइल कुणीतरी धरून ठेवलेली, फोल्डरवर सिस्टिम खात्याला पूर्ण परवानगी नाही, किंवा तुमचीच एखादी कस्टम ॲक्शन (सेटअपमध्ये तुम्ही स्वतः घातलेली पायरी) पडली. वर बंडलच्या पानावर तोच आकडा ०एक्स८००७०६४३ असा हेक्साडेसिमल (सोळा अंकांच्या) पद्धतीत दिसतो, त्यामुळे लोकांना दोन वेगळे बिघाड वाटतात. खरं कारण एमएसआयच्या सविस्तर लॉगमध्ये असतं. ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधा, पहिल्यांदा जिथे सापडेल त्याच्या वरच्या वीसेक ओळी वाचा. हे काम दिवाणजींनी करायचं नाही, सेटअपने करायचं आणि निष्कर्ष पानावर मांडायचा.

कारण कळलं की पहिला प्रश्न: हे कोण सोडवू शकतं? समोर बसलेला माणूस, मशीनचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो, की फक्त तुम्ही? पान यावरून ठरतं. डिस्क भरली असेल, एक्सेल उघडं असेल, रीस्टार्ट बाकी असेल तर दिवाणजी स्वतः करू शकतात. १६२५ आला म्हणजे धोरणाने इन्स्टॉलेशनला बंदी आहे, तिथे दिवाणजींना ‘पुन्हा प्रयत्न करा’ सांगणं हा छळ आहे. सरळ लिहा, ‘हे काम मशीनचा पासवर्ड असलेल्या माणसाकडूनच होईल.’ आणि कस्टम ॲक्शन पडली असेल तर लिहा, ‘यात तुमची चूक नाही, आम्हालाच दुरुस्त करावं लागेल.’ एवढ्या एका वाक्याने माणूस चार वेळा तोच सेटअप चालवत बसत नाही.

काही आकड्यांवर तर अपयशाचं पान यायलाच नको. ३०१० म्हणजे काम झालंय, रीस्टार्ट बाकी आहे. १६४१ म्हणजे रीस्टार्ट सुरूही झाला. १६०२ म्हणजे माणसाने स्वतः रद्द केलं, त्याला लाल फुली कशाला दाखवायची? तुमच्या बंडलमध्ये आणखी एक हमखास निघेल. मशीनवर सी प्लस प्लसचं नवं रनटाइम आधीच असेल तर तुमचं जुनं १६३८ देऊन बाहेर पडतं. विक्समध्ये त्या पॅकेजच्या एक्झिट कोडच्या (संपताना परत मिळणाऱ्या आकड्याच्या) नोंदीत १६३८ ‘सक्सेस’ धरा, ते अपयश नाहीच.

१६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे. विंडोज एका वेळी एकाच एमएसआयला प्रत्यक्ष काम करू देतं. ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असं सांगून माणसाला बाहेर काढू नका. सेटअपनेच थांबावं, दर ३० सेकंदांनी पाहावं, दहा मिनिटं वाट बघावी आणि तोवर ‘विंडोजचं दुसरं काम संपायची वाट पाहत आहे’ असं दाखवावं. त्यानंतरही जमलं नाही तरच पान.

जागेचं पान आकड्यांसकट हवं. एसक्यूएल सर्व्हरलाच किमान ६ जीबी मोकळी जागा लागते. ‘डिस्कवर पुरेशी जागा नाही’ यातून काही कळत नाही. किती हवी, किती आहे, किती कमी पडते, तिन्ही लिहा. शिवाय डी ड्राइव्ह निवडला तरी सी वर जागा लागतेच, कारण टेम्प फोल्डर आणि विंडोज जपून ठेवतं ती एमएसआयची प्रत तिथेच असते. हे पानावर नसेल तर माणूस डी रिकामा करत बसतो.

फाइल अडकली असेल तर कोणत्या प्रोग्रामने धरली हे रीस्टार्ट मॅनेजर सांगतो. तो व्हिस्टापासून विंडोजमध्ये आहे. त्याच्याकडून प्रोग्रामचं नाव घ्या आणि तेच पानावर द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आडत्याच्या मनात पहिला प्रश्न ‘काय बिघडलं’ हा नसतो, ‘जुन्या पट्ट्या गेल्या का’ हा असतो. उत्तर पहिल्या ओळीत हवं, आणि खरं हवं. इथे तुमची विक्सची फाइल तपासा. मेजर अपग्रेडचं वेळापत्रक (जुनी आवृत्ती नेमकी कधी काढायची ते) काही न लिहिता सोडलं तर ते ‘आफ्टर इन्स्टॉल व्हॅलिडेट’ असतं. त्यात जुनी आवृत्ती आधी पूर्ण काढली जाते, आणि नवी फसली तर मशीनवर जुनीही नाही, नवीही नाही. ‘आफ्टर इन्स्टॉल इनिशियलाइझ’ केलंत तर नवी फसल्यावर जुनी परत बसते. तो बदल केल्याशिवाय ‘तुमचं जुनं सॉफ्टवेअर सुरक्षित आहे’ असं लिहू नका.

साधारण असं पान करा:

> नवी आवृत्ती बसली नाही. तुमच्या जुन्या पट्ट्या आणि खाती जशीच्या तशी आहेत. जुनी आवृत्ती चालू आहे, आजचं काम तिच्यावर करता येईल.
>
> कारण: सी ड्राइव्हवर जागा कमी आहे.
> हवी ६.५ जीबी, आहे ४.१ जीबी. अजून २.४ जीबी मोकळी करा.
>
> [ डिस्क क्लीनअप उघडा ]  [ पुन्हा तपासा ]
>
> हे जमत नसेल तर या पानाचा फोटो पाठवा.
> कोड: जागा-११२ · आवृत्ती ४.२.१

११२ हा विंडोजचा डिस्क भरल्याचाच कोड आहे, म्हणून तोच ठेवलाय. ‘पुन्हा तपासा’ने फक्त तेवढी तपासणी करावी, सगळा सेटअप पहिल्यापासून सुरू करू नये. आणि विक्सचं तयार पान कोडप्रमाणे मजकूर बदलून देत नाही. यासाठी स्वतःचं बूटस्ट्रॅपर ॲप्लिकेशन (बंडलचा पडदा दाखवणारा प्रोग्राम) लिहावं लागेल, तेवढं काम धरून चाला.

---

घोडबंदर_टेस्टिंग

वरच्याशी सहमत. फक्त निम्मी कारणं मशीनला हात लावण्याआधीच पकडता येतात, आणि तेव्हा दाखवलेलं पान जास्त उपयोगी, कारण तोवर काहीच मोडलेलं नसतं. दोन तपासण्या हमखास राहून जातात.

पहिली, तारीख. जुन्या मशीनची सीआर२०३२ बॅटरी संपली की वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग डाउनलोडच्या वेळी सर्व्हरचं प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेलं नाही’ ठरतं आणि जोडणी तुटते. सेटअप लिहितो ‘इंटरनेट तपासा’, आणि माणूस राउटर बंद-चालू करत राहतो. तपासणी अगदी सोपी आहे: मशीनची तारीख सेटअप तयार झाल्याच्या तारखेच्या आधीची असेल तर घड्याळ चुकलंय. पानावर मशीनची तारीख दाखवा, ती दुरुस्त करायची खिडकी उघडणारं बटण द्या, आणि खाली एक ओळ: ‘तारीख वारंवार मागे जात असेल तर मशीनमधली बॅटरी बदलून घ्या.’

दुसरी, डिस्कचा सेक्टर, म्हणजे डिस्क एका वेळी वाचते-लिहिते तो तुकडा. एसक्यूएल सर्व्हर ५१२ आणि ४०९६ बाइटचे सेक्टर चालवून घेतो. विंडोज ११ वर काही एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) याहून मोठा आकार कळवतात. मग एसक्यूएल बसतो पण त्याची सर्व्हिस उठत नाही, आणि शेवटी ‘वेट ऑन द डेटाबेस इंजिन रिकव्हरी हँडल फेल्ड’ असं येतं. त्यावरून डिस्कवर संशय घ्यायला काहीच वाव नाही. नवं कोरं मशीन, भरपूर जागा, तरी दर वेळी तिथेच अडतं, अशी तक्रार आली की आधी हेच बघा.

तपासायला ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एफएसयूटिल एफएसइन्फो सेक्टरइन्फो सी:’ चालवा. उत्तरात फिजिकल सेक्टरच्या दोन ओळी येतात, एक ॲटोमिसिटीची, दुसरी परफॉर्मन्सची. कुठेही ४०९६ पेक्षा मोठा आकडा असेल तर हेच कारण. मायक्रोसॉफ्टने दिलेला उपाय रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) आहे: स्टोअरएनव्हीएमई सर्व्हिसच्या पॅरामीटर्समधल्या डिव्हाइस या कीखाली ‘फोर्स्ड फिजिकल सेक्टर साइझ इन बाइट्स’ नावाची मल्टी-स्ट्रिंग नोंद करायची, तिची किंमत ‘* ४०९५’ अशी इंग्रजी आकड्यांत, आणि मग रीस्टार्ट. हे दिवाणजींच्या पानावर लिहायचं नाही. सेटअपने एसक्यूएल सुरू करण्याआधी आकडा वाचावा, माणसाला ‘या डिस्कसाठी विंडोजमध्ये एक नोंद करावी लागेल, नंतर मशीन एकदा रीस्टार्ट होईल’ असं विचारावं आणि होकार मिळाला तर स्वतः करावं.

---

नौपाडा_अक्षरजुळणी

भाषेबद्दल. वाक्यं मराठीत, पण पडद्यावर जे बटण किंवा मेनू शोधायचा आहे त्याचं नाव मशीनवर दिसतं तसंच ठेवा. विंडोज इंग्रजीत असेल तर ‘रीस्टार्ट’ म्हणा. ‘पुनरारंभ’ लिहिलंत तर माणूस त्या नावाचं बटण शोधत बसेल. कोड आणि आकडे इंग्रजी अंकांत आणि मोठे ठेवा, फोनवरून वाचून दाखवायला आणि इंटरनेटवर शोधायला तेच बरे पडतात.

साचेबंद वाक्यांत प्रोग्रामचं नाव भरताना जपा. इंग्रजी साच्यात नाव कुठेही बसतं, आपल्याकडे विभक्ती लागते आणि सामान्यरूप होतं. ‘पट्ट्या’ नावाचं फोल्डर असेल तर ‘पट्ट्यामध्ये लिहिता येत नाही’ असं काहीतरी तयार होतं. म्हणून नाव वाक्यात गुंफूच नका. ‘बंद करायचा प्रोग्राम: एक्सेल’, ‘लिहिता न आलेलं फोल्डर: डी ड्राइव्ह, पट्ट्या’ अशी रचना करा. ही कुठल्याही नावाला चालते.

फॉन्ट: विंडोज ८ पासून निर्मला यूआय आहे, ७ वर मंगल. इंग्रजीसाठी आखलेल्या लेबलची उंची देवनागरीला पुरत नाही. वरची रफार-वेलांटी किंवा खालचा ऊकार कापला जातो, आणि ‘पूर्ण’ची ‘पर्ण’ दिसायला लागते. ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा आणि ‘दुरुस्ती पूर्ण झाली’, ‘सर्व्हिस सुरू’ असे शब्द घालून १२५ आणि १५० टक्के स्केलिंगवर पडदा बघा.

फोटो येणारच आहेत, तर पान फोटोसाठीच आखा. पांढऱ्यावर काळं, कोड २८ पॉइंटच्या आसपास, आणि शेजारी क्यूआर. क्यूआरमध्ये तुमच्या व्हॉट्सॲप क्रमांकाची दुवा-ओळ घाला, पुढे तयार संदेश म्हणून फक्त कोडमधला आकडा आणि आवृत्ती. अशी ओळ साधारण ४३ अक्षरांची होते. मध्यम दुरुस्ती-पातळीवर ती ३३ बाय ३३ चौकटींत बसते. भोवती चार-चार चौकटींची मोकळी जागा धरून, प्रत्येक चौकट ६ पिक्सेलची केली तर चित्र २४६ पिक्सेलचं होतं. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर ते सहज मावतं.

त्या संदेशात मराठी घालायचा मोह टाळा. दुव्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्राही, नऊ अक्षरांचं होतं. ‘सेटअपमध्ये अडचण आली आहे’ एवढंच घातलं तर दुवा २२१ अक्षरांवर जातो आणि क्यूआर ६१ बाय ६१ चौकटींचा होतो. तेवढ्याच जागेत बसवला तर साध्या मोबाइलला तो वाचायला अवघड जातो. मराठी वाक्य तुमच्या बाजूने उत्तरात पाठवा.

क्यूआरचा आणखी एक फायदा: गाळ्यावरच्या मशीनला इंटरनेट नसलं तरी दिवाणजींच्या मोबाइलला असतं.

---

आडत_हिशेब (वाशी)

खूप उपयोगी. वेळापत्रक पाहिलं, काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणजे ‘आफ्टर इन्स्टॉल व्हॅलिडेट’च. बदलतो.

लॉगचं विचारतो. सगळे लॉग झिप करून डेस्कटॉपवर ठेवायचा विचार आहे, म्हणजे पेन ड्राइव्हवर घेता येईल. पण एसक्यूएलच्या ‘एसए’ या मुख्य खात्याचा पासवर्ड आम्ही प्रॉपर्टी (सेटअपला नावानिशी दिलेली किंमत) म्हणून एमएसआयला देतो. तो लॉगमध्ये उतरतो का?

---

वागळे_रोड१६

उतरतो. सविस्तर लॉगमध्ये सगळ्या प्रॉपर्टींच्या किमती छापल्या जातात. ‘एमएसआय हिडन प्रॉपर्टीज’ नावाच्या प्रॉपर्टीत त्या पासवर्डच्या प्रॉपर्टीचं नाव घाला, विक्समध्ये ‘हिडन’ला ‘येस’ केलं की तेच होतं. तो पासवर्ड डिफर्ड (मशीनवर प्रत्यक्ष बदल होताना चालणाऱ्या) कस्टम ॲक्शनला देत असाल तर तिथेही वेगळं लपवावं लागतं, हे हमखास सुटतं. बंडलच्या व्हेरिएबललाही ‘हिडन’ लावा. मग तयार झालेल्या लॉगमध्ये पासवर्ड शोधून बघा. एमएसआयचा लॉग यूटीएफ-१६ या अक्षरसंकेतात असतो, साध्या शोध-साधनाला सापडला नाही म्हणजे तो तिथे नाही असं समजू नका. लॉगमध्ये खात्याचं आणि मशीनचं नावही असतं, तेव्हा ‘ही माहिती पाठवली जाईल’ हे बटणाच्या शेजारी लिहा आणि न विचारता काही पाठवू नका.

डेस्कटॉपचं जरा सांभाळून. दिवाणजींचं खातं साधं असेल आणि हार्डवेअरवाल्याने ॲडमिनचा पासवर्ड टाकून सेटअप चालवला, तर वरच्या अधिकाराने चालणाऱ्या भागाचा ‘डेस्कटॉप’ त्या ॲडमिन खात्याचा असतो. झिप तिथे जाते आणि दिवाणजींना दिसतच नाही. बंडलमध्ये पडदा दाखवणारा भाग साध्या अधिकारानेच चालतो, झिप त्याच्याकडूनच करवा. दुसरं, विंडोजचं ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू असेल तर अनोळखी प्रोग्रामला संरक्षित फोल्डरमध्ये लिहू देत नाही, आणि डेस्कटॉपही त्यात असू शकतो. लिहिता आलं नाही तर ‘जागा निवडा’ची खिडकी उघडा, माणूस थेट पेन ड्राइव्ह निवडेल. झिपच्या नावात पानावरचाच कोड आणि तारीख ठेवा.

साध्या मेसेज बॉक्समध्ये कंट्रोल-सी दाबलं की सगळा मजकूर कॉपी होतो, पण ते कुणाला माहीत नसतं. तुमच्या पानावर ‘माहिती कॉपी करा’ असं दिसणारं बटण द्या.

---

घोडबंदर_टेस्टिंग

ही पानं तपासण्यासाठी सेटअप मुद्दाम पाडावा लागेल, त्याची सोय आधीच करून ठेवा. विक्सच्या युटिल एक्स्टेन्शनमध्ये ‘विक्स फेल व्हेन डिफर्ड’ नावाची कस्टम ॲक्शन तयार आहे. तिचा संदर्भ घाला आणि त्याच नावाची प्रॉपर्टी कमांडवरून १ द्या, इन्स्टॉलेशन मधेच पडतं आणि रोलबॅक होतो, म्हणजे केलेले बदल मागे घेतले जातात. वेळापत्रक बदलल्यावर जुनी आवृत्ती खरंच परत येते का, हे यानेच तपासा. नुसती परत आली पाहून थांबू नका, ती उघडून एक पट्टी छापून बघा.

जागेसाठी लहान सी ड्राइव्हची व्हर्च्युअल मशीन ठेवा. अडकलेल्या फाइलसाठी पॉवरशेलमधून तुमची एखादी डीएलएल फाइल दुसऱ्या कुणालाही न देण्याच्या पद्धतीने उघडून ठेवा. १६१८ साठी दुसऱ्या सेटअपची नुसती पहिली खिडकी उघडून चालत नाही, तो फाइली टाकत असतानाच तुमचा सुरू करावा लागतो.

आणि एक खातं देवनागरी नावाने तयार करा, ‘दिवाणजी’ म्हणूनच करा. स्थानिक खात्याचं प्रोफाइल फोल्डर त्याच नावाचं बनतं आणि टेम्पचा पत्ताही त्यातूनच जातो. मराठीला विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं एएनएसआय कोडपेज नाही, ती फक्त युनिकोडवर चालते. बंडलमधल्या एखाद्या जुन्या साधनाने युनिकोड नसलेली फंक्शनं वापरली असतील तर त्या पत्त्याची प्रश्नचिन्हं होतात आणि ‘फाइल सापडली नाही’ येतं. हे कारण ओळखून वेगळं पान करण्यापेक्षा सेटअपने फाइली प्रोग्रामडेटाखालच्या फोल्डरमध्ये उघडाव्यात. ती वाट रोमन असते, प्रश्नच मिटतो. फक्त त्या फोल्डरवर साध्या खात्यांना लिहायची परवानगी ठेवू नका, कारण तिथली फाइल ॲडमिनच्या अधिकाराने चालणार आहे.

---

आडत_हिशेब (वाशी)

शेवटचं एक. मोठे आडते दहा-बारा मशीनवर हार्डवेअरवाल्याकडून सायलेंट मोडने बसवून घेतात. तिथे पान दिसतच नाही, मग?

---

वागळे_रोड१६

तिथे एक्झिट कोड हेच तुमचं पान. स्वतःचं बूटस्ट्रॅपर लिहिताना सगळ्या अपयशांना १ परत करू नका. विंडोज इन्स्टॉलरचा कोड आला असेल तर तोच जसाच्या तसा बाहेर द्या, ३०१० सुद्धा, नाहीतर बॅच फाइलला रीस्टार्ट बाकी आहे हे कळणार नाही. तुमच्या तपासण्यांतून आलेल्या कारणांना वेगळे आकडे द्या, उदाहरणार्थ ९००१ घड्याळ, ९००२ सेक्टर, आणि त्यांचा तक्ता सेटअपच्या शेजारी साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवा. लॉगच्या शेवटी दिवाणजींच्या पानावरचीच तीन वाक्यं लिहा: डेटाचं काय, कारण काय, पुढे काय करायचं. बारा मशीनपैकी कुठलं अडलं ते हार्डवेअरवाल्याला लॉगच्या तळाशी जाऊन लगेच वाचता येईल.